श्रद्धा दारापर्यंत नेते, पुढे हिशेब लागतो : इस्लामिक बँकेकडे लोक का वळतात?

वर्षावासातल्या एका रविवारी विहारात प्रवचन संपल्यावर तरुणांची बैठक बसली होती. विषय होता वस्तीतल्या महिलांच्या मागे लागलेले मायक्रोफायनान्सचे हप्ते. बोलता बोलता एका तरुणाने विचारले, "मुस्लिमांची बिनव्याजी बँक जगभर चालते म्हणतात. मग आपली बौद्धांची बँक का नको? समाजाच्या नावावर लोक डोळे झाकून पैसे ठेवतील." दोन-चार माना डोलल्या. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ उपासिकेने मात्र शांतपणे विचारले, "नावावर ठेवतील बाळा, पण परत कोण देईल?"

बैठक संपली तरी हे दोन्ही प्रश्न आमच्या डोक्यातून गेले नाहीत. इस्लामिक बँकिंग हा आपल्याकडे एक तर द्वेषाचा विषय असतो, नाही तर भाबड्या कौतुकाचा. टीव्हीवरच्या चर्चेत त्याला 'लांगूलचालन' म्हणतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्याजमुक्त स्वर्ग'. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन एक साधा प्रश्न विचारायला हवा. लोक या बँकांकडे नेमके कशामुळे जातात? धर्मामुळे? फायद्यामुळे? की दुसरे कोणी दारात उभे करत नाही म्हणून? याचे उत्तर मिळाले, तर त्या तरुणाच्या आणि त्या उपासिकेच्या प्रश्नाचेही उत्तर मिळेल असे आम्हाला वाटते.

बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे

आधी गैरसमज दूर करू. इस्लाममध्ये 'रिबा' म्हणजे पैशावर पैसा घेणे निषिद्ध मानले आहे. म्हणून इस्लामिक बँक कर्जावर व्याज लावत नाही. पण ती धर्मादाय संस्था नाही, तिलाही नफा कमवायचा असतो. फक्त नफ्याचा रस्ता वेगळा असतो.

समजा एखाद्याला दोन लाखांची रिक्षा घ्यायची आहे. साधी बँक त्याला दोन लाख देईल आणि व्याजासह परत घेईल. इस्लामिक बँक ती रिक्षा स्वतः दोन लाखांना विकत घेईल आणि त्याला दोन लाख चाळीस हजारांना हप्त्यांवर विकेल. किंमत पहिल्याच दिवशी ठरते आणि नंतर वाढत नाही. याला 'मुराबहा' म्हणतात. बँकेने वस्तू विकत घेऊन भाड्याने दिली तर ती 'इजारा'. धंद्यात बँक भागीदार झाली, नफा-तोटा दोघांनी वाटून घेतला, तर ती 'मुशारका'. ठेवीदाराचा पैसा बँकेने धंद्यात लावायचा आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, ही 'मुदारबा'. शिवाय दारू, जुगार, डुकराचे मांस अशा धंद्यांना पैसा द्यायचा नाही हा नियम. या सगळ्यावर शरियतच्या जाणकारांचे मंडळ देखरेख ठेवते.

आपल्यातल्या अभ्यासू तरुणांना इथे काहीतरी ओळखीचे वाटेल. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. गृहस्थाच्या सुखांमध्ये त्यांनी ऋणमुक्तीचे सुख मोजले आणि दारिद्र्यातून येणारे कर्ज, त्या कर्जाचे व्याज आणि त्यापायी मागे लागणारा तगादा हे संसारी माणसाचे दुःख आहे असेही सांगितले. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हा नीतीचा प्रश्न आहे, ही जाण एकाच धर्माची मक्तेदारी नाही. पण तत्त्व चांगले असणे वेगळे आणि त्या तत्त्वाच्या नावाने उघडलेले दुकान चांगले असणे वेगळे.

सुरुवात गरजेतून झाली

आधुनिक इस्लामिक बँकिंगची गोष्ट कोणत्याही तेलसम्राटाच्या महालात सुरू झालेली नाही. १९६३ मध्ये इजिप्तच्या नाईल खोऱ्यातल्या मित घम्र या गावात अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञाने एक बचत बँक काढली. जर्मनीत शिकत असताना त्यांनी तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहिल्या होत्या. आपल्या गावचा शेतकरी बँकेत पाऊल टाकत नाही, पैसा मडक्यात किंवा दागिन्यात ठेवतो आणि अडला की सावकाराकडे जातो, हे त्यांना दिसत होते. त्यांनी व्याज न देणारी, व्याज न घेणारी बँक उघडली आणि नासर यांच्या राजवटीला संशय येऊ नये म्हणून धर्माचा फलक फारसा मिरवला नाही. शेतकरी आले, कारण बँक त्यांच्या गावात होती, त्यांच्या भाषेत बोलत होती आणि लहान रकमेला नाक मुरडत नव्हती. काही वर्षांत राजकीय कारणांनी तो प्रयोग गुंडाळला गेला, पण बी पेरले गेले होते.

त्याच सुमारास मलेशियात दुसरी गोष्ट घडत होती. तिथले मलय शेतकरी हज यात्रेसाठी आयुष्यभर पैसे साठवत. व्याजाचा पैसा यात्रेला चालत नाही म्हणून ते बँकेत ठेवत नसत, घरात लपवत किंवा शेवटी जमीन आणि गुरे विकून मक्केला जात. परत आल्यावर घरात दारिद्र्य वाट पाहत असे. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये यावर योजना मांडली आणि १९६३ पासून हज यात्रेकरूंसाठी बचत संस्था काम करू लागली. तीच आजची 'ताबुंग हाजी'. हजार-दोन हजार लोकांपासून सुरू झालेली ही संस्था पुढे देशातली एक मोठी वित्तसंस्था बनली.

दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. श्रद्धेमुळे लोक बँकेपासून दूर होते हे खरे, पण त्यांना जवळ आणले ते कुणीतरी त्यांची अडचण नीट ओळखली म्हणून. धर्म हे कारण होते, पण तेवढेच कारण नव्हते.

मलेशिया आणि इंडोनेशिया : एकच धर्म, दोन चित्रे

लोक केवळ श्रद्धेने इस्लामिक बँक निवडत असते, तर जिथे मुस्लिम जास्त तिथे ती बँक मोठी, असे साधे गणित निघाले असते. प्रत्यक्षात तसे नाही.

इंडोनेशिया हा जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. तिथले सुमारे ८७ टक्के लोक मुस्लिम आहेत. पहिली इस्लामिक बँक 'बँक मुआमलत' १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. २००४ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने बँकेचे व्याज निषिद्ध असल्याचा फतवाही दिला. तरीही देशाच्या एकूण बँकिंग मालमत्तेत इस्लामिक बँकांचा वाटा आजही दहा टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे फतवा ऐकणारे कोट्यवधी लोक पगार मात्र साध्या बँकेतच घेतात.

शेजारच्या मलेशियात २०२० च्या जनगणनेनुसार मुस्लिम ६३.५ टक्के आहेत. पण तिथे बँकांच्या एकूण कर्जपुरवठ्यात इस्लामिक वित्ताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला आहे. मुस्लिमांचे प्रमाण कमी आणि इस्लामिक बँकिंग कितीतरी मोठे! फरक श्रद्धेत नाही, व्यवस्थेत आहे.

मलेशियाने १९८३ मध्ये इस्लामिक बँकिंगचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याच वर्षी 'बँक इस्लाम' सुरू झाली. १९९३ मध्ये साध्या बँकांनाही त्यांच्याच शाखेत बिनव्याजी खिडकी उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे ग्राहकाला गाव ओलांडून वेगळी बँक शोधावी लागली नाही, नेहमीच्या शाखेतच दुसरा पर्याय मिळाला. २०१३ मध्ये कायदा आणखी पक्का झाला. घर विकत घेऊन पुन्हा विकण्याच्या पद्धतीमुळे दुहेरी मुद्रांक शुल्क पडू नये, अशी करव्यवस्था केली गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ठेव विम्याचे संरक्षण. आज मलेशियात प्रत्येक बँकेतल्या अडीच लाख रिंगिटपर्यंतच्या ठेवीला विमा आहे आणि इस्लामिक ठेवीलाही तेवढेच, स्वतंत्र संरक्षण आहे. नफा-तोट्याच्या गुंतवणूक खात्याला मात्र ते नाही, आणि हे ग्राहकाला सांगणे बँकेवर बंधनकारक आहे.

इंडोनेशियात अनेक वर्षे इस्लामिक बँका छोट्या राहिल्या, शाखा आणि एटीएम कमी राहिले, सेवाही महाग पडायची. सरकारने २०२१ मध्ये तीन सरकारी इस्लामिक बँका एकत्र करून 'बँक शरिया इंडोनेशिया' उभी केली, ती याच कमतरतेवर उपाय म्हणून. जवळ शाखा नसेल, हप्ता जास्त असेल, मोबाइल अ‍ॅप बंद पडत असेल, तर श्रद्धावान माणूसही दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो.

अभ्यासक काय सांगतात

या विषयावर तीस-पस्तीस वर्षे संशोधन चालू आहे. १९८९ मध्ये जॉर्डनमधल्या ग्राहकांवर एरोल आणि एल-बदूर यांनी अभ्यास केला. धार्मिक प्रेरणा हे इस्लामिक बँक निवडण्याचे मुख्य कारण नाही, परतावा आणि आसपासच्या लोकांचा प्रभाव जास्त महत्त्वाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९४ मध्ये सुदिन हारून आणि सहकाऱ्यांनी मलेशियातल्या मुस्लिम आणि मुस्लिमेतर ग्राहकांची तुलना केली. जलद सेवा, व्यवहाराचा वेग आणि कर्मचाऱ्यांची आपुलकी यांना दोन्ही गटांनी जवळपास सारखेच वरचे स्थान दिले. १९९८ मध्ये बहरीनमध्ये मेतावा आणि अल्मोसावी यांना मात्र वेगळे दिसले. तिथे धर्मतत्त्वांचे पालन पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याच्या पाठोपाठ परतावा. २००७ मध्ये मलेशियात दुसुकी आणि अब्दुल्ला यांनी दाखवले की धार्मिक विश्वासार्हता, आर्थिक पत आणि सेवेचा दर्जा या गोष्टी एकमेकांत गुंफलेल्या असतात, त्यांतली एकच उचलून उत्तर देता येत नाही.

हे निष्कर्ष आम्ही आपल्या भाषेत असे मांडतो. श्रद्धा माणसाला बँकेच्या दारापर्यंत नेते. घरातला, नात्यातला, मशिदीतला कुणी सांगतो तेव्हा तो आत पाऊल टाकतो. पण तो तिथे टिकतो ते हप्ता परवडतो म्हणून, काउंटरवरचा माणूस नीट बोलतो म्हणून आणि ठेवलेला पैसा मागितल्यावर मिळतो म्हणून. यातले एक जरी तुटले, तरी श्रद्धा घरी राहते आणि खाते दुसऱ्या बँकेत जाते.

बौद्ध ग्राहक इस्लामिक बँकेत

मलेशियातले १८.७ टक्के लोक बौद्ध आहेत. त्यांतले बहुसंख्य चिनी वंशाचे. त्यांच्यातल्या अनेकांनी घराचे, गाडीचे कर्ज इस्लामिक पद्धतीने घेतले आहे आणि त्यामुळे त्यांच्या धम्माला काही बाधा आलेली नाही. त्यांची कारणे व्यवहाराची आहेत. विक्रीची किंमत आधीच ठरलेली असल्यामुळे ठराविक हप्त्याच्या करारात व्याजदर वाढल्याचा फटका बसत नाही. हप्ता चुकला तर त्या दंडावर पुन्हा दंड असे चक्र चालत नाही.

थायलंड तर बौद्धबहुल देश. तिथे २००२ च्या कायद्याने सरकारी इस्लामिक बँक स्थापन झाली आणि २००३ मध्ये सुरू झाली. दक्षिणेकडच्या मुस्लिम प्रांतांना मुख्य प्रवाहात आणणे हा हेतू होता, पण तिचे दार सगळ्यांसाठी उघडे होते आणि बौद्ध ग्राहकही आले. पुढे मात्र नको तिथे मोठी कर्जे दिली गेली, थकबाकी डोंगराएवढी झाली आणि सरकारला जनतेच्या पैशातून बँक सावरावी लागली. नियम शरियतचे होते, पण कर्ज देताना माणूस पारखला नाही, तिथे शरियत काय करणार? श्रीलंकेतही २०११ पासून 'अमाना बँक' काम करते आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या इस्लामिक बँकेकडे चांगल्या परताव्यामुळे मुस्लिमेतर ठेवीदारही वळले. धर्माच्या नावाने उघडलेले दार इतर धर्मीयांनीही आपल्या सोयीने वापरले, याचे हे जिवंत दाखले आहेत.

नाव पवित्र, हिशेब कडू

आता दुसरी बाजू. मलेशियात घरकर्जाची जुनी पद्धत अशी होती की बँक घर विकत घेऊन तीसेक वर्षांचा नफा मिळवून एकदम मोठ्या किमतीला ग्राहकाला विकायची. ग्राहक मध्येच थकला तर? २००५-०६ मध्ये एका प्रकरणात असेच झाले. ग्राहकाला मिळालेला वित्तपुरवठा होता चार लाख रिंगिटच्या आतला. थोडेसे हप्ते भरून तो थकला आणि बँकेने त्याच्याकडे मागितले साडेनऊ लाखांहून जास्त! न भोगलेल्या वर्षांचाही नफा त्यात धरला होता. साध्या व्याजी बँकेनेही एवढे मागितले नसते. क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयाने, उरलेल्या मुदतीचा नफा बँकेला घेता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे वरिष्ठ न्यायालयात या पद्धतीच्या वैधतेवर बराच खल झाला आणि शेवटी देशाच्या मध्यवर्ती बँकेने मुदतीआधी फेड झाल्यास सूट देणे करारातच बंधनकारक केले.

हे प्रकरण आम्हाला महत्त्वाचे वाटते. व्याज हा शब्द काढला म्हणून शोषण आपोआप गेले नाही. ते गेले तेव्हा, जेव्हा ग्राहक न्यायालयात उभा राहिला, न्यायाधीशांनी हिशेब मागितला आणि नियामकाने नियम केला.

भारतात काय झाले

आपल्या देशात बिनव्याजी व्यवहाराचे छोटे प्रयोग जुने आहेत. देवबंदमध्ये १९६१ पासून मुस्लिम फंड आहे, तिथे दागिना तारण ठेवून व्याजाशिवाय कर्ज मिळते. पण बँक म्हणून परवाना नाही, कारण आपला बँकिंग कायदाच व्याजावर उभा आहे.

२००६ च्या सच्चर समितीने एक बोचरी गोष्ट नोंदवली. काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी 'नकारात्मक क्षेत्र' मानतात. ही नोंद वाचताना आपल्या वस्तीतल्या तरुणांना वेगळे काही सांगायला नको. पत्ता वाचून फॉर्म बाजूला ठेवणारा साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. व्याजमुक्त पर्याय नसल्यामुळे काही गरीब लोक श्रद्धेपोटी बँकेबाहेर राहतात, असे तिचे म्हणणे होते. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत अशी खिडकी उघडण्याची सूचना केली. २०१६ मध्ये आपल्या सोलापुरातल्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी व्यवहार सुरू केला. ही बँक भाजपचे तेव्हाचे सहकारमंत्री सुभाष देशमुख यांच्याशी संबंधित. म्हणजे हा विषय एका पक्षाचा किंवा एका धर्माचा नाही, हे तेव्हाच दिसले होते.

पण नोव्हेंबर २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरातून कळले की रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले आहे. कारण दिले, सर्व नागरिकांना वित्तीय सेवांची व्यापक आणि समान संधी उपलब्ध आहे. समान संधी! ज्या वस्तीला 'नकारात्मक' शेरा बसतो, तिथे ही समान संधी कोणत्या काउंटरवर मिळते, हे आम्हालाही बघायचे आहे. आमचे मत स्पष्ट आहे. सर्व धर्मीयांना खुला असलेला, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालचा आणि विम्याचे संरक्षण असलेला व्याजमुक्त पर्याय हा लांगूलचालनाचा नव्हे, नागरिकाच्या निवडीचा प्रश्न आहे.

पोकळी रिकामी राहत नाही

देखरेखीखालचे दार बंद झाले की लोक श्रद्धा सोडत नाहीत. ते देखरेख नसलेल्या दाराने आत जातात. बंगळुरूच्या 'आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे आयएमए कंपनीने हेच केले. 'हलाल गुंतवणूक' असे सांगून हजारो कुटुंबांकडून पैसे घेतले. दरमहा घसघशीत परतावा दाखवला. काही मौलवी आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या ओळखीमुळे विश्वास वाढला. विधवांनी मेहरचे, निवृत्तांनी पीएफचे, आई-बापांनी मुलीच्या लग्नाचे पैसे टाकले. जून २०१९ मध्ये मालक दुबईला निघून गेला आणि कार्यालयासमोर गुंतवणूकदारांच्या रांगा लागल्या. जुलैमध्ये त्याला दिल्लीत अटक झाली, पुढे तपास सीबीआयकडे गेला.

इथे श्रद्धा पहिल्या क्रमांकावर होती. सेवा, हिशेब, नियामक, विमा यांतले काहीच नव्हते. मलेशियात जे पाच खांब होते त्यातला एकच इथे उभा होता, आणि एका खांबावर छप्पर टिकत नाही.

आपण काय घ्यायचे

समाजाची पतसंस्था, महिलांचे बचत गट, विहाराच्या आवारातली भिशी हे सगळे आपल्याकडे आहे आणि त्यातले पुष्कळ प्रामाणिकपणे चालते. पण 'आपला माणूस', 'जय भीमवाला', 'चळवळीतला जुना कार्यकर्ता' एवढ्या ओळखीवर पैसे गोळा करणाऱ्या योजनाही आपल्या तरुणांनी पाहिल्या आहेत. महापुरुषांचा फोटो लावलेला फलक बघून कुणी पावती मागत नाही. आयएमएच्या ठेवीदारांनीही मागितली नव्हती.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना काही ठोस गोष्टी सांगतो. पैसे घेणारी संस्था कुठे नोंदलेली आहे ते आधी विचारा. बँक असेल तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो विमा नाही, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असते. लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेत वाचला जातो का, ते बघा. बाजारापेक्षा फार जास्त परतावा कुणी देत असेल तर तिथेच थांबा. नियामकाची परवानगी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ पासून केंद्राचा बंदी कायदा आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते. आणि कर्ज घेताना मासिक हप्ता नव्हे, शेवटपर्यंत भरायची एकूण रक्कम विचारा. मलेशियातल्या त्या थकलेल्या ग्राहकाकडे मागितलेली रक्कम आठवा.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, चलनाचा कारभार कोणाच्या मर्जीवर चालावा असा प्रश्न त्यात होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा हा राज्याच्या ताब्यात असावा अशी मागणी केली. गरिबाच्या बचतीला माणसाच्या चांगुलपणाचे नव्हे, कायद्याचे कवच हवे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. तथागतांनीही गृहस्थाला कष्टाने मिळवायला सांगितले आणि मिळवलेले राखायलाही सांगितले. राखणे हे अर्धे काम आहे.

विहारातल्या त्या तरुणाला आमचे उत्तर असे. बौद्धांची संस्था जरूर काढा, लोक नावावर येतीलही. पण मलेशियातला शेतकरी जसा आला आणि टिकला, तसे टिकवायचे असेल तर आधी पासबुक, लेखापरीक्षण, सभासदांची खुली सभा आणि वेळेवर परत मिळणारा पैसा यांची तयारी करा. वस्तीतल्या महिलेला मायक्रोफायनान्सपेक्षा खरोखर कमी रक्कम भरावी लागते का, हे कागदावर मांडून दाखवा. ते दाखवता आले नाही, तर नाव कोणतेही असो, ती नवी सावकारीच.

आणि त्या उपासिकेला उत्तर द्यायचे तर, परत कोण देईल हे पैसे ठेवण्याआधी विचारायचे असते, आई. तुम्ही ते विचारलेत. आता पुढच्या बैठकीत आपल्या बचत गटांचे हिशेब सगळ्यांसमोर वाचायचे, असे आम्ही ठरवले आहे. सुरुवात आमच्याच विहाराच्या दानपेटीपासून होईल.

नमो बुद्धाय, जय भीम.